'क्रिमिनल जस्टिस' शिकायचंय, पण दार कोणतं?

पत्र: मी तासगाव तालुक्यातली. यंदा बारावी कला शाखेची परीक्षा देतेय, अकरावीत ६८ टक्के होते. आमच्या शेजारच्या काकांची मोटारसायकल २०२१ मध्ये चोरीला गेली. पोलिसांनी ती चोरासकट शोधून आणली, आरोपीने कबूलही केलं म्हणतात, तरी गेल्या वर्षी कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. असं कसं होतं, हे मला मुळापासून शिकायचंय. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात 'बी.ए. क्रिमिनॉलॉजी अँड क्रिमिनल जस्टिस' आहे, पण फी वर्षाला लाखाच्या वर. ताईची मैत्रीण म्हणते फॉरेन्सिक कर. बाबा म्हणतात पोलीस भरतीला लाग. मामा म्हणतात लॉ. मी काय करू? आणि आत्तापासून काय वाचू? – स., तासगाव

प्रिय स.,

तुझ्या पत्रातली कामाची ओळ मोटारसायकलची आहे. बाकीच्यांनी सुचवलेल्या वाटा त्या ओळीला लावून बघू, म्हणजे उत्तर सोपं होईल.

आधी नावाचा घोळ मिटवू. 'क्रिमिनल जस्टिस' ही पदवी अमेरिकेतल्या कॉलेजांतून आलेली. तिथे ती घेऊन माणूस पोलिसात, तुरुंग खात्यात, प्रोबेशनमध्ये जातो. आपल्याकडे त्या नावाची नोकरी कुठल्याच जाहिरातीत येत नाही. पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश, प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ, तुरुंग अधिकारी, परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी अशी पदं येतात, आणि प्रत्येकाची शैक्षणिक अट वेगळी. म्हणून कोर्सचं नाव बघून दार निवडू नकोस. पाच-सहा वर्षांनी कुठल्या टेबलामागे बसायचंय ते ठरव आणि तिथून मागे ये.

त्या खासगी बी.ए.बद्दल. विद्यापीठ यूजीसीच्या यादीत असेल तर ती पदवी खरी, आणि 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' अशी अट असलेल्या परीक्षांना ती चालते. पण त्यासाठी तासगाव किंवा सांगलीच्या कॉलेजातली साधी बी.ए.सुद्धा चालते, तिची फी फार कमी. क्रिमिनॉलॉजी हा विषय वाईट नाही. गुन्हा का घडतो, कोण पकडलं जातं, शिक्षेने काय साधतं, हे त्यात शिकवतात. पण तुझा प्रश्न 'आरोपी का सुटला' हा आहे. तो पुराव्याच्या कायद्याचा प्रश्न, आणि ते शास्त्र लॉ कॉलेजात शिकवतात. जाहिरातीतल्या 'ऑनलाइन क्रिमिनल जस्टिस सर्टिफिकेट'वर तर रुपयाही घालू नकोस, भरतीत त्याला कुणी विचारत नाही.

फॉरेन्सिकचं दार तुझ्यासाठी जवळपास बंद आहे. कडू वाटेल, पण आत्ता कळलेलं बरं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांमध्ये बी.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा तर बारावी विज्ञान लागतं. राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांचं मुख्यालय मुंबईत कलिन्याला आहे. तिथलं काम विष, रसायनं, रक्त, डीएनए, बंदुकीची गोळी, मोबाईलमधला डेटा असं विभागून चालतं, आणि जाहिरातीतही त्या-त्या विज्ञान विषयाची पदवी मागतात. गंमत अशी की नुसतं 'फॉरेन्सिक' नाव असलेल्या बी.एस्सी.पेक्षा रसायनशास्त्राची पक्की एम.एस्सी. पुष्कळदा जास्त उपयोगी पडते. ताईच्या मैत्रिणीचा सल्ला विज्ञान शाखेच्या मुलीला चांगला आहे. अशी कुणी ओळखीची असेल तर तिला गोव्यात फोंड्याजवळ राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा परिसर आहे हेही सांग. शिवाय २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार ७ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी तज्ज्ञाने जाणं टप्प्याटप्प्याने सक्तीचं होतंय, म्हणजे त्या माणसांची गरज वाढणार. तुला या बाजूला यायचंच असेल तर एक कडेची वाट आहे: मानसशास्त्र घेऊन बी.ए., आणि पुढे फॉरेन्सिक सायकॉलॉजी. पण ती लांबची.

बाबांचं म्हणणं टाकाऊ नाही. पोलीस शिपाई भरतीला बारावी पुरते. मुलींसाठी उंची १५५ सेंमी, मैदानी चाचणी ५० गुणांची (८०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक) आणि लेखी १०० गुणांची. घरात पैशाची ओढ असेल तर हा रस्ता सरळ आहे. फक्त लक्षात घे, शिपाई म्हणून लागल्यावर नियमित कॉलेज करणं अवघड. एल.एल.बी. दूरस्थ पद्धतीने करता येत नाही, बार कौन्सिल ती मानत नाही. तपास करायचा असेल तर पोलीस उपनिरीक्षक होणं बरं. त्यासाठी कुठलीही पदवी आणि एमपीएससी, मुलींना उंची १५७ सेंमी. आजच भिंतीला टेकून उंची मोजून घे. अनेक मुली तीन वर्षं अभ्यास करतात आणि एका सेंटीमीटरने बाहेर पडतात.

आता मोटारसायकल. केसचा कागद माझ्यासमोर नाही, पण अशा केसेस ज्या चार-पाच ठिकाणी कोसळतात ती ठिकाणं ठरलेली असतात, आणि तुला काय शिकायचंय ते त्यांवरूनच कळेल.

चोरी २०२१ ची, म्हणजे ती भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ खाली. १ जुलै २०२४ पासून नवे तीन कायदे आले: भारतीय न्याय संहिता (गुन्हे आणि शिक्षा), भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (तपास आणि खटल्याची पद्धत) आणि भारतीय साक्ष्य अधिनियम (पुरावा). पण आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागू राहते, आणि त्या दिवशी चालू असलेला खटलाही जुन्याच पद्धतीने पुढे जातो. म्हणजे काकांच्या केसचा निकाल नवे कायदे येऊन गेल्यावर लागला तरी तो जुन्या पुस्तकांवर लागला. लॉ कॉलेजात तुला दोन्ही शिकावे लागतील, आणखी कितीतरी वर्षं.

पोलिसांनी त्याला पकडलं आणि तो म्हणाला, समज: 'मी चोरलेली मोटारसायकल ओढ्याकाठी बाभळीच्या झुडपात लपवून ठेवली आहे, चला, काढून देतो.' पोलिसांनी दोन पंच बोलावले, हे वाक्य कागदावर उतरवलं, सह्या घेतल्या. या कागदाला कोर्टात निवेदन पंचनामा म्हणतात, वकील मंडळी नुसतं 'मेमोरँडम' म्हणतात. मग सगळे ओढ्याकाठी गेले आणि गाडी मिळाली. काकांना वाटलं, संपलं, कबूल केलं आणि गाडीही मिळाली.

पण पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा होत नाही. जुन्या साक्ष अधिनियमातलं कलम २५, नव्यात कलम 23 चा पहिला भाग. ब्रिटिशांच्या काळापासून हे असंच आहे, कारण मारहाण करून कबुली काढता येते. याला एकच खिडकी ठेवलीय, जुनं कलम २७, जे नव्यात कलम २३ चं परंतुक, म्हणजे अपवादाची जोड, म्हणून आलंय. आरोपीच्या बोलण्यामुळे एखादी गोष्ट प्रत्यक्ष सापडली, तर बोलण्याचा तेवढाच तुकडा वाचता येतो जो त्या सापडण्याशी थेट जोडलेला आहे. ब्रिटिश काळातलं आपलं सगळ्यात वरचं अपील कोर्ट म्हणजे लंडनचं प्रिव्ही कौन्सिल. त्याने १९४६ मध्ये पुलुकुरी कोटय्या खटल्यात ही रेघ ओढली आणि ती आजही चालते.

आता वरचं वाक्य परत वाच आणि पेन्सिल घे. 'ओढ्याकाठी बाभळीच्या झुडपात लपवून ठेवली आहे, काढून देतो' हे राहील. 'मी चोरलेली' हे दोन शब्द खोडले जातील. कोर्टासमोर उरतं एवढंच, की गाडी कुठे आहे हे त्याला माहीत होतं. कुणी चोरली हा प्रश्न अजून उभाच आहे. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि अर्धा वर्ग अख्खं वाक्य ग्राह्य धरून मोकळा होतो.

पुढे गळती कुठे लागते? ओढ्याकाठची जागा उघडी, कुणीही येतं-जातं. मग बचावाचा वकील विचारतो, तिथे गाडी आहे हे आणखी कुणाला माहीत नसेल कशावरून? दुसरी गळती वेळेची. चोरीनंतर लगेच माल ज्याच्याकडे सापडतो तो चोर किंवा चोरीचा माल घेणारा, असं कोर्ट गृहीत धरू शकतं (जुनं कलम ११४, नवं ११९). पण 'लगेच' महत्त्वाचं. चोरी मार्चमध्ये आणि गाडी ऑक्टोबरमध्ये मिळाली तर ते गृहीतक पातळ होतं.

तिसरी गळती गाडीच्या ओळखीची. नंबरप्लेट बदललेली असते, म्हणून चासी नंबर आणि इंजिन नंबर हीच खरी ओळख. जप्ती पंचनाम्यात 'काळ्या रंगाची स्प्लेंडर' एवढंच लिहिलं आणि चासी नंबर आरसी बुकाशी एका अंकाने जुळला नाही, तर तपास अधिकारी उलटतपासात घामाघूम होतो. गाडी काकांना सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, आधीच परत मिळालेली असते, ते चांगलंच, पण त्याआधी फोटो नीट काढलेले हवेत.

आणि चौथी, सगळ्यात नेहमीची. पंच फितूर होतो. साक्षीला उभा राहून सांगतो, 'मी ओढ्याकडे गेलो नाही, सही पोलीस ठाण्यात केली.' कधी घाबरून, कधी आरोपी गावचाच म्हणून, तर कधी ते खरंच असतं म्हणून. असे पंचही असतात की एकाच ठाण्याच्या दहा केसेसमध्ये त्यांचीच सही, मग कोर्टच त्यांच्याकडे तिरकं बघतं. पंच फितूर झाला म्हणून केस आपोआप मरत नाही, तपास अधिकाऱ्याच्या साक्षीवरही पंचनामा सिद्ध होऊ शकतो. पण ती साक्ष तेवढी घट्ट हवी. नसली की निकालपत्राच्या शेवटी येतं ते वाक्य: 'संशयाचा फायदा देऊन आरोपीची निर्दोष मुक्तता करण्यात येते.' नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०५ खाली झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलंय, ते बऱ्याच अंशी याच रोगावर औषध म्हणून. पण ते चित्रीकरणही कोर्टात सिद्ध करावं लागतं. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग, पहिला उपकरण ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला तिच्या ठशासारखा आकडा, लिहायची. फाइलमध्ये एक सेकंद जरी कापला तरी हा आकडा बदलतो. जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राचं महत्त्व सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ज्या निकालात पक्कं केलं ती केस आपल्या जालन्याच्या निवडणुकीतली, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या चित्रीकरणावर ती अडली होती.

हे वाचताना तुला कंटाळा आला असेल, तर मामांचं ऐकू नकोस. आणि पुढे काय असं वाटलं असेल, तर तुझी जागा लॉ कॉलेजात आहे.

माझा सल्ला: बारावीनंतर पाच वर्षांचं बी.ए. एल.एल.बी., तेही राज्याच्या सीईटीमधून कॅप (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश) फेरीने मिळणाऱ्या सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात. घरच्यांना पाच वर्षं फार वाटत असतील तर जवळच्या कॉलेजात बी.ए., आणि मग तीन वर्षांचं एल.एल.बी. त्यात एकूण सहा वर्षं जातात, पण मध्ये तिसऱ्या वर्षी पदवी हातात येते आणि उपनिरीक्षकाची परीक्षाही देता येते. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. पैसा आणि घरची घाई यावर ठरव.

सीईटीसाठी बारावीला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के लागतात, इतर मागासांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. ४४.९ चे ४५ करून मिळत नाहीत. प्रश्न इंग्रजी आणि मराठीत असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. इंग्रजीचा भाग मात्र इंग्रजीतच, तिथे गावाकडची मुलं मागे पडतात. रोज एक इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाच, दहा शब्द वहीत उतरव. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट द्यायची असेल तर तिथे चुकीला पाव गुण कापतात आणि उतारे लांबलचक असतात. मुंबई, नागपूर, संभाजीनगरचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ क्लॅटमधून मिळतं, पण फी खासगीच्या जवळ जाते. फक्त नावासाठी कर्ज काढू नकोस.

फीबाबत एक गोष्ट घरी नीट वाचून दाखव. राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलीस किंवा खासगी विद्यापीठात गेलीस की सवलत गेली. तू पत्रात लिहिलेली ती लाखाची फी आणि ही माफी शेजारी-शेजारी ठेव, मग बाबांशी बोल. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या, त्याही महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरच भरायच्या.

कॉलेजात गेल्यावर पहिलं वर्ष राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इंग्रजी यांत जातं आणि बरीच मुलं नाराज होतात की गुन्हा कुठेच नाही. फौजदारी कायदा, प्रक्रिया आणि पुरावा हे तीन पेपर पुढे येतात. तोवर तू स्वतः काय करायचं ते सांगते.

बेअर ॲक्ट घे, म्हणजे टीकाटिप्पणी नसलेला नुसता कायदा. २०२४ नंतरची आवृत्ती. रद्दीतून किंवा सीनियरकडून मिळालेलं जुनं पुस्तक एकटं वापरू नकोस, कारण आकडे फसवतात. जुनं ३०२ म्हणजे खून, नव्यात खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे, आणि नवं ३०२ धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं आहे. जुनं ३०७ खुनाचा प्रयत्न, नव्यात तो १०९. जुनं ३७९ आता ३०३ चं उपकलम २. आणि चारशेवीस? न्याय संहिता कलम ३५८ वरच संपते, फसवणूक ३१८ मध्ये गेली. माणसं मात्र एकमेकांना चारशेवीस म्हणतच राहणार. पहिल्या पानावर जुने-नवे असे वीस-पंचवीस आकडे स्वतःच्या हाताने लिहून काढ, छापील तक्ता चिकटवू नकोस.

मग नागरिक सुरक्षा संहितेच्या शेवटी जा. तिथे पहिली अनुसूची आहे, सहा रकान्यांची: कलम, गुन्हा, शिक्षा, दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, आणि खटला कुठल्या कोर्टात. विद्यार्थी हे पान उघडतच नाहीत. तू रोज पाच ओळी वाच. चोरीची ओळ बघ: तीन वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, अजामीनपात्र, कुठल्याही न्यायदंडाधिकाऱ्याकडे. पण तिथेच खाली दुसरी ओळ आहे. माल ५ हजारांच्या आतला, आरोपी पहिल्यांदाच दोषी आणि माल परत केला, तर शिक्षा सामुदायिक सेवेची आणि गुन्हा अदखलपात्र. म्हणजे सायकल चोरी आणि मोटारसायकल चोरी यांत पोलिसांचे अधिकारच बदलतात. कायदा असा अनुसूचीत लपलेला असतो.

तिसरं काम कोर्टात जाणं. फौजदारी खटले खुल्या कोर्टात चालतात, कुणीही मागे बसू शकतं. अपवाद बलात्काराच्या आणि पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या) केसेसचा, त्या बंद दाराआड. तालुक्याच्या न्यायदंडाधिकारी प्रथमवर्गाकडे तीन वर्षांपर्यंत शिक्षेची ताकद, खून-दरोडा जिल्ह्याला सत्र न्यायालयात. सकाळी बोर्डावर दिवसाच्या केसेसची यादी लागते. त्यात 'पुरावा' किंवा 'साक्ष' असा टप्पा लिहिलेली केस शोध, बाकीच्यांना नुसती पुढची तारीख पडते आणि तुझी सकाळ वाया जाते. मोबाईल बंद, वही उघडी. सरतपास (साक्षीदार बोलावणाऱ्या बाजूचे प्रश्न), उलटतपास (विरुद्ध बाजूचे) आणि फेरतपास (पुन्हा पहिल्या बाजूचे) असे तीन भाग कर आणि उलटतपासातला प्रत्येक प्रश्न साक्षीच्या कुठल्या वाक्यावर निशाणा धरतोय ते शेजारी लिही. दुपारी पट्टेवाल्याने हाक मारली की साक्षीदाराचं नाव तीनदा ऐकू येतं, साक्षीदार नसतो, तारीख पडते. तेही शिक्षणच आहे.

हे आधी केलंस तर शेवटच्या वर्षांत फायदा होतो. लॉच्या मूट कोर्टच्या (सरावाच्या लुटुपुटुच्या खटल्याच्या) पेपरात ३० गुण एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष बघून लिहिलेल्या नोंदींना असतात. ३० मूट कोर्टला, ३० अशील-मुलाखत आणि कोर्टापूर्वीच्या तयारीला, १० तोंडी. बहुतेक जर्नलं गेल्या वर्षीच्या जर्नलांची नक्कल असतात, तारखासुद्धा त्याच. तोंडी परीक्षेत परीक्षक विचारतो, 'उलटतपासात पहिला प्रश्न काय होता?' आणि गाडी तिथेच थांबते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एकूण २० आठवड्यांची इंटर्नशिपही सक्तीची, एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. त्यातली एक तरी खेप जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयात काढ. ज्यांना वकील परवडत नाही त्या आरोपींच्या बाजूने हे सरकारी पगारी वकील उभे राहतात. काकांच्या केसमधला आरोपी सुटला याचा राग तुला आहे, तो रास्त आहे. त्या टेबलावर बसलीस तर तसाच एक पोरगा दोन वर्षं जामिनाशिवाय आत बसलेलाही दिसेल. दोन्ही बघितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

घरबसल्या एक करता येतं. ई-कोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर पोलीस ठाणं आणि गुन्हा रजिस्टर नंबर टाकून केस शोधता येते. प्रत्येक केसला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. काकांकडे प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत असेलच, तिच्यावर गु.र.नं. आहे. निकालपत्र अपलोड केलेलं असेल तर डाऊनलोड कर, नसेल तर काका फिर्यादी म्हणून नकलेचा अर्ज करू शकतात. मग वर सांगितलेल्या चार गळत्या समोर ठेवून शोध, नेमकी कुठली होती. कदाचित पाचवीच निघेल. निकालपत्रात न्यायाधीश आधी मुद्दे मांडतात, शेजारी 'होय' किंवा 'नाही' अशी उत्तरं, आणि मग कारणं. कारणांपासून वाचायला सुरुवात कर.

पुढच्या दारांची माहिती थोडक्यात. एल.एल.बी.नंतर बार कौन्सिलची परीक्षा, १०० प्रश्न, खुल्या आणि इतर मागास प्रवर्गाला ४५ टक्के, बेअर ॲक्ट सोबत नेता येतो, पण त्यात टिपणं चालत नाहीत. सहायक सरकारी अभियोक्ता एमपीएससीतून, वकिलीचा अनुभव मागतात. न्यायदंडाधिकारी व्हायचं तर सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. म्हणजे पदवी हातात आली की थेट न्यायाधीशाची परीक्षा, हे जुन्या क्लासवाल्यांचं आश्वासन आता विसर. ती तीन वर्षं तालुक्याच्या कोर्टात सीनियरकडे काढावी लागतील आणि सुरुवातीला हाती फार पैसे येणार नाहीत, हे घरी आत्ताच सांगून ठेव.

आणि शिकता शिकता मन पुराव्यावरून माणसाकडे वळलं, म्हणजे तुरुंगातून सुटलेल्याचं पुढे काय होतं, विधिसंघर्षग्रस्त मुलांचं, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांचं, काय, तर बी.ए. समाजशास्त्र किंवा बी.एस.डब्ल्यू. करून मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे बघ. तिथे क्रिमिनॉलॉजी आणि न्याय या विषयात समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आहे. त्यांचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत काम करतोय. खासगी विद्यापीठाच्या बी.ए.त क्रिमिनॉलॉजी शिकण्यापेक्षा तिथे ते शिकणं कैक पटीने खरं.

शेवटचं, कागदांचं. प्रवेशाच्या हंगामात मुलींची जागा अभ्यासापेक्षा दाखल्यांवरून जास्त हुकते. नॉन-क्रिमीलेअर लागत असेल तर त्याची मुदत कुठल्या ३१ मार्चला संपते ते आज बघ. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला असेल तर जात पडताळणी. जात पडताळणी अर्ज केल्या केल्या मिळत नाही, ती बारावीचा निकाल लागायच्या आधीच टाकायची. सोमवारी बाबांबरोबर सेतू केंद्रात जा, आणि येताना वाटेत कोर्टाचा बोर्ड बघून ये.